बडोद्याची पेटी आणि आमचे कपाट

मागच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयाची वार्षिक बैठक झाली. विषयपत्रिकेवर छपराची गळती, विजेचे बिल आणि नवीन पुस्तकांची खरेदी असे तीनच विषय होते. गळतीवर तासभर बोलणे झाले. पुस्तकांचा विषय निघाला तेव्हा आमचे एक जुने सभासद, शेतकरी माणूस, सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पुस्तकं घ्यायची ती घ्या. पण वाचणार कोण ते आधी सांगा. माझा नातू कानडी शाळंत जातोय. घरात भांडायपुरतं मराठी त्याला येतंय, बस्स."

सगळे हसले, पण ते हसू लगेच विरले. बैठकीला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात हेच चित्र आहे. मराठी शाळेत उभे आयुष्य खडू झिजवूनही आम्हाला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. खरेदीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. घरी आल्यावर आम्ही एक जुनी वही शोधून काढली. २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला गेलो होतो तेव्हाची.

त्या वर्षी ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरले होते. अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख पूर्वी कोल्हापूरचे जिल्हाधिकारी होते, त्यामुळे आमच्याकडे ते नाव ओळखीचे. गावातून आम्ही तिघे निघालो, दोन शिक्षक आणि दूधसंस्थेचे एक सचिव. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी कशी टिकते, हे आम्हा सीमावासीयांना भाषणांतून नव्हे, कुणाच्या तरी घरात जाऊन पाहायचे होते. संमेलनाच्या मांडवात बसलो खरे, पण दांडिया बाजारात ज्या घरी उतरलो होतो तिथेच जास्त शिकलो.

घर जुने, लाकडी खांबांचे, ओसरीवर झोपाळा. त्याला त्या घरात हिंचका म्हणतात. पहिल्या दिवशी जेवताना आजींनी विचारले, "शाक कसं झालंय?" आमचे सचिव म्हणाले, "लई ब्येस झालंय बगा, आजी." त्यांच्या शब्दाला आम्ही हसलो आणि आमच्या हेलाला त्या हसल्या. त्यांच्या मराठीत गुजराती मुरलेली, आमच्या मराठीत कानडी. पुण्याच्या माणसाला दोन्ही अशुद्धच वाटणार. असो.

ओसरीच्या भिंतीला काचेचे कपाट होते. त्यात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या रियासतीचे खंड, दाजी नागेश आपटे यांनी लिहिलेले सयाजीराव महाराजांचे तीन भागांतले चरित्र, आणि खालच्या कप्प्यात चि. वि. जोशींचे चिमणराव. पुस्तके नुसती मांडलेली नव्हती, वाचलेली होती. कडा मऊ पडलेल्या, मध्येच जुन्या तिकिटाचे तुकडे. घरातला नातू इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मराठी फर्डी बोलायचा. आम्ही त्याला चिमणराव वाचायला दिला. तो वाचू लागला, कारण हिंदीमुळे देवनागरी त्याला येत होती. अडखळला तो ‘ळ’ला. आम्हा शिक्षकांना याचे फार कौतुक वाटले. ळ चा उच्चार त्याच्या गुजरातीत आहे, गुजराती लिपीत त्याला अक्षरही आहे, पण ज्या हिंदीतून तो देवनागरी शिकला तिच्यात ते नाही. आमच्या कानडी शाळेतल्या मुलांचे नेमके असेच होते. ळ त्यांच्या तोंडात आहे, कानडी पाटीवर आहे, हिंदीच्या पुस्तकात नाही. एक अक्षर ओळखीचे करून दिले की दोघांचीही गाडी पुढे जाते. मराठी वाचता न येणारी पिढी म्हणून आपण जिच्यावर काट मारतो, ती वाचनापासून एवढ्याच अंतरावर उभी असते. हे वहीत आम्ही अधोरेखित करून ठेवले होते आणि नंतर विसरून गेलो होतो.

वाचून दाखवण्यातून झालेला इतिहास

बडोद्याची ही कपाटे भरली कशी, ते पाहण्यासारखे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात कवळाणे म्हणून गाव आहे. तिथला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये बाराव्या वर्षी गायकवाडांच्या गादीवर दत्तक गेला. तोपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. हाच पुढे सयाजीराव तिसरा झाला. ज्याला स्वतःला उशिरा अक्षर भेटले, तो माणूस पुस्तकाची किंमत विसरत नाही. १८९३ मध्ये त्याने अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ पासून ते सगळ्या संस्थानभर नेले. ब्रिटिश मुलखात तेव्हा असले काही नव्हते.

१८८९ मध्ये सरदेसाई महाराजांच्या नोकरीत लागले ते वाचक म्हणून. महाराजांना पुस्तके वाचून दाखवायची, हे काम. पुढे राजपुत्रांना शिकवण्याचे काम आले. शिकवायला मराठीत नीटसा इतिहास नव्हता, म्हणून टिपणे काढली, आणि त्या टिपणांचीच पुस्तके झाली. १८९८ मध्ये मुसलमानी रियासत, १९०२ मध्ये मराठी रियासतीचा पहिला भाग. म्हणजे मराठ्यांचा सलग इतिहास मराठीत पहिल्यांदा लिहिला गेला तो पुण्यात किंवा साताऱ्यात नव्हे, तर गुजराती मुलखात नोकरी करणाऱ्या एका शिक्षकाच्या टिपणवहीत. शिक्षक बंधूंनी याची नोंद घ्यावी! आपल्या टिपणवह्या आपण रद्दीत घालतो.

महाराजांनी मॅकियाव्हेलीचे राजनीतीवरचे पुस्तक सरदेसाईंकडून मराठीत करवून घेतले, जगातल्या राष्ट्रांच्या कथांची माला काढवली. १९१२ मध्ये दोन लाख रुपये बाजूला काढले आणि त्यांच्या व्याजातून गुजराती व मराठी पुस्तके निघत राहिली. १९३१ मध्ये श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु नावाचा कोश निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द शेजारी-शेजारी. सातबाऱ्याचा उतारा मराठीत मिळावा म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या आम्हा लोकांना ही हकीकत ऐकून काय वाटले असेल, ते सांगायला नको.

आणि इथे एक गोष्ट आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावी. राजा मराठी होता, पण प्रजा बहुतेक गुजराती. सयाजीरावांनी कारभारात गुजरातीच पुढे आणली. गावोगाव जी वाचनालये उभी राहिली त्यांत गुजराती पुस्तकेच जास्त असायची, आणि असायलाच हवी होती. राज्यकर्त्याची भाषा प्रजेवर लादली नाही, म्हणूनच राज्य गेल्यानंतरही बडोद्यात मराठी माणसाकडे आणि मराठीकडे कुणी आकसाने पाहिले नाही, असे आमचे मत झाले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी बडोदे गुजरातेत गेले. गुजराती शेजारी मराठी शेजाऱ्याच्या गणपतीला येत राहिला. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आमच्या वाट्याला जे आले ते वाचकांना ठाऊक आहे.

लाकडी पेटी

१९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. ते तीन वर्षे राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली. मांडवीजवळच्या इमारतीत आजही लोखंडी मांडण्या आणि जाड काचेची जमीन पाहायला मिळते. वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून खालच्या पुस्तकांवर पडावा म्हणून ती योजना. आमचे सचिव त्या काचेवर पाय ठेवायला तयार होईनात. बोर्डननंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पाहिले. ग्रंथालय चळवळीचे नियतकालिक १९१२ पासून काही वर्षे इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत होते.

पण आमचे मन गुंतले ते पेटीत. ज्या गावात वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जायची. गावाने ठरलेल्या मुदतीत वाचून ती परत करायची, मग दुसरी पेटी यायची. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. कायमचे वाचनालय हवे असेल तर नियम असा होता की गावाने जेवढे रुपये जमवावेत तेवढेच प्रांत पंचायतीने घालायचे आणि तेवढेच सरकारने. म्हणजे पहिला रुपया गावाचा. गावाने खिशात हात घातला नाही तर पुढचे दोन वाटे हलत नसत. अशा रीतीने शेकडो गावांत वाचनालये झाली. आमच्याकडे मात्र अनुदान आले की वाचनालय सुरू आणि थांबले की कुलूप. आम्ही स्वतःही हेच वर्षानुवर्षे चालवले, तेव्हा दुसऱ्याला नावे ठेवत नाही.

आपल्या मुलखावरचे पुस्तक

बडोद्याच्या कपाटात जे होते ते सांगितले. जे कमी होते, तेही सांगायला हवे. चि. वि. जोशी बडोदे कॉलेजात पालीचे प्राध्यापक, संस्थानचे राजदप्तर सांभाळणारे. त्यांनी १९३३ मध्ये चिमणरावांचे चऱ्हाट छापले आणि उभ्या महाराष्ट्राला हसवले. पण चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही माणसे पुणेरी. लेखक बडोद्यात, पात्रे पुण्यात. गुजराती शेजारणीकडून पापड लाटून आणणारी, घरात मराठी आणि दुकानात गुजराती बोलणारी, घडियाळी पोळातली किंवा दांडिया बाजारातली मराठी बाई मराठी कथा-कादंबरीत त्या मानाने थोडीच आली. इतिहासातही राजवाड्याचे खंड भरपूर, गल्लीचे कमी. आजींना आम्ही विचारले, की तुमच्या या पोळांवर लिहिलेले एखादे पुस्तक दाखवा. त्यांनी कपाटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "महाराजांवर आहेत हो पुष्कळ. आमच्यावर कोण लिहिणार?"

नातवाचे मराठी पुस्तक सुटले, त्याचे एक कारण हेही असेल, असे आम्हाला तेव्हापासून वाटते. ज्या भाषेच्या पुस्तकात आपला रस्ता, आपली दुकाने, आपले बोलणे दिसत नाही, तिच्यात जीव का रमावा?

बडोद्यातच याचे उत्तर एकदा व्यासपीठावर बसले होते. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने पूर्वी तिथे झाली. त्यांतल्या १९३४ च्या संमेलनाचे अध्यक्ष ना. गो. चापेकर. न्यायखात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाने १९३३ मध्ये एकाच गावावर जाडजूड पुस्तक लिहिले होते, बदलापूर. गावची माणसे, जाती, शेती, सण, समजुती, बोली, सगळे घरोघर विचारून टिपलेले. पुढे जुन्या हिशेबाच्या कागदांवरून त्यांनी पेशवाईच्या सावलीत लिहिले. राजे-सरदार नव्हेत, तर भाव, पगार, देणी-घेणी. एका गावावर पुस्तक लिहिणाऱ्याला मराठी साहित्याने अध्यक्ष केले, तेही बडोद्यात. आमच्या मते त्या चार संमेलनांतली सीमाभागाच्या उपयोगाची गोष्ट हीच.

आमचे नशीब या बाबतीत बडोद्याहून बरे आहे, फक्त आपण तिकडे पाहिलेले नाही. चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई सगळ्यांना स्वामीमुळे माहीत. पण त्याआधी १९५९ मध्ये त्यांनी बारी लिहिली. तिच्यात आपल्याच भागातला बेरड समाज, घाट आणि जंगल आहे. १९६० मध्ये माझा गाव आली. निपाणीचे महादेव मोरे पिठाच्या गिरणीत बसून लिहायचे. तंबाखूच्या वखारीतल्या बाया, गॅरेजातली पोरे, ट्रकचे ड्रायव्हर त्यांच्या कथांत जसेच्या तसे बोलतात. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा आमच्या वाचनालयात त्यांचे एकच पुस्तक होते, आणि तेही पाने सुटलेले. बेळगावात वाढलेल्या प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, वनवास, शारदा संगीत, पंखा आणि झुंबर या चार पुस्तकांतला. त्यातले गाव, तळे, रेल्वे, शाळा आणि ते कानडी वळणाचे मराठी, सगळे आपले.

पुढच्या बैठकीत आम्ही ही यादी मांडली आणि बडोद्याची पेटी सांगितली. गावाने आधी पैसे जमवायचे, कुणाच्याही अनुदानाची वाट पाहायची नाही. तीस पुस्तकांची एक पेटी, चार गावांत फिरती, महिन्याने पुढच्या गावाला. नेण्या-आणण्याला दूधसंस्थेची गाडी. सचिव म्हणाले, "काच नसली म्हणजे झालं."

वाद झाला तो इतिहासावर. आम्ही सुचवले की चापेकरांसारखी आपल्या गावाची वही करावी, मुलांनी विचारून लिहावी, आणि ती पेटीत ठेवावी. गावचा इतिहास काढायचा तर देवळासमोरचा शिलालेख आधी वाचायला हवा, आणि तो हळेकन्नडात आहे. एक तरुण कार्यकर्ता उसळून उठला. म्हणाला, "सर, आयुष्यभर आपण मराठीसाठी काठ्या खाल्ल्या. आता आपल्याच वाचनालयात कानडी दगड वाचायचा?" त्याचा राग आम्हाला कळतो. पण मुलखाचा इतिहास निवडून घेता येत नाही. हलशीला कदंबांची देवळे आहेत, नंदगडला १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली, शहापूर सांगली संस्थानात होते, निपाणीला निंबाळकरांची जहागीर. हे सगळे एकाच मातीवर घडले. नंदगडच्या बाजारात मराठी बोलणारा माणूस रायण्णाच्या समाधीवरून रोज जातो. त्याच्यावर मराठीत त्याला वाचायला मिळाले तर मराठी कमी होते, की वाढते? खोटा, अर्धा इतिहास आपल्यावर लादला जातो म्हणून आपण ओरडतो. मग आपली वहीही अर्धी का ठेवायची?

ठराव एका मताने पास झाला. एकमताने नव्हे, एका मताच्या फरकाने. तरुणाने विरोधात हात वर केला, पण वर्गणी दिली.

दिवाळीनंतर पेटी निघाली. बारी सगळ्यात जास्त फिरते, आणि नोंदवहीत सह्या बहुतेक बायकांच्या आहेत. याचा आम्हाला अंदाज नव्हता. ‘मोठे’ म्हणून मागवलेले काही नामांकित ग्रंथ पेटीत तळाशी जसेच्या तसे आहेत, त्यांची निवड आमचीच होती. त्या जुन्या सभासदांच्या नातवाला आम्ही लंपनची एक गोष्ट दिली. पहिल्या दिवशी अर्धे पान झाले. ळ वर पेन्सिलीने गोल करून आणायला सांगितले होते, तर त्याने एका पानावरचे सगळे गोल करून आणले आणि शेजारी कानडी ळ काढला. चौथ्या दिवशी येऊन म्हणाला, "गुरुजी, ह्यो पोरगा आमच्यासारखंच बोलतोय की." पुढची गोष्ट त्याने मागून नेली. अजून त्याचे वाचन संथ आहे, जोडाक्षराला थांबतो, आणि मोबाईल हातात आला की पुस्तक बाजूला पडते, हेही सांगितले पाहिजे.

वहीची बारा-पंधरा पाने झाली आहेत. विहिरींची नावे, शेतांची नावे (त्यांतली निम्मी कानडी आहेत, हे लिहून काढल्यावरच ध्यानात आले), आणि जात्यावरच्या काही ओव्या. शिलालेखाचे पान कोरे आहे. शेजारच्या गावातल्या कानडी शाळेचे एक निवृत्त शिक्षक वाचून द्यायला तयार झाले आहेत. दगड आधी नुसत्या पाण्याने धुवायचा, खरवडायचा नाही, आणि उन्हे तिरपी असताना वाचायचा, म्हणजे अक्षरांच्या कडा सावलीने उठून दिसतात, असे त्यांनी कळवले आहे. येत्या रविवारी सकाळी सातला देवळासमोर जमायचे ठरले आहे. ते कानडीत सांगतील आणि नातू देवनागरीत लिहून घेणार. घागर आणि मऊ ब्रश आणायचे काम त्या तरुण कार्यकर्त्याने घेतले आहे. आजोबांनाही निरोप दिला होता. त्यांनी उलट निरोप पाठवला, की खुर्ची ठेवा.